चार वर्षं घासलेली दांडी

गमतीजमती मला आठवत नाहीत असं नाही. भरपूर आठवतात. आमच्या मंडळाच्या स्मरणिकेचे संपादक फोनवर म्हणाले, "यार, तुम्ही त्यांच्या सगळ्यात जवळचे. पाच-सहा पानं द्या, हलकंफुलकं. त्यांचं ते भांडणं, गिऱ्हाइकांना हाकलणं, सगळं येऊ द्या. लोकांना मजा येईल." मी बरं म्हणालो, कारण मला कुणालाच नाही म्हणता येत नाही. फोन ठेवल्यावर मात्र अंगाचा तिळपापड झाला. मजा! त्या माणसाने आयुष्याची शेवटची सोळा वर्षं वाजवलं नाही, आणि एकालाही कधी खोदून विचारावंसं वाटलं नाही की का. तेव्हा मजेचा भाग आधी उरकतो. मग पुढचं.

मी त्यांना काका म्हणायचो. मूळचे नगरचे, ख्रिस्ती, लग्न न केलेले. दिल्लीत मुनिरका गावात तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहायचे आणि गिटारी दुरुस्त करायचे, त्यातही बास गिटारी. बास म्हणजे चार जाड तारांची, खर्जातली गिटार. ती वाजत असते तेव्हा लोकांच्या लक्षात येत नाही, थांबली की काहीतरी कमी झालं हे कळतं. मी लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो, वडिलांच्या पावलावर पाऊल टाकून मंत्रालयात चिकटलो, आणि शनिवार-रविवारी एका बँडमध्ये बास वाजवायचो. दिल्लीत मराठी बोलणारा बास-दुरुस्तीवाला सापडल्यावर मी तिथे पडीकच असायचो.

रागीट हा शब्द त्यांना पुरत नाही. खूश असले की "अरे गाढवा" म्हणायचे आणि राग आला की "अहो". "अहो कलाकार" ऐकू आलं की समोरच्याने चप्पल शोधायला लागावं. दिवसभर खिडकीत बसून कुणाच्या तरी गिटारीचं लाकूड घासत असायचे. खाली हुक्का घेऊन बसलेला जाट घरमालक ओरडायचा, "मास्टरजी, सारा दिन के घिसते रहो हो?" हे वरून उत्तर द्यायचे, "ऊपरवाले ने जो लकड़ी ज़्यादा दे दी है चौधरी, वो निकाल रहा हूँ."

त्यांचं एक प्रमाण ठरलेलं होतं. चार आणे डोळा, बारा आणे हात. वाद्य कसं दिसतं याला चार आणे, ते हातात कसं बसतं याला बारा. लोकांना वाटायचं त्यांना दिसण्याचा तिटकारा आहे. चूक. "ते चार आणे पण सोडायचे नाहीत," म्हणायचे. "देखणं वाद्य गळ्यात असलं की माणूस ताठ उभा राहतो. ताठ उभा राहिला की बरा वाजवतो. पण सोळाच्या सोळा आणे डोळ्याला द्यायचे असतील तर भिंतीला खिळा ठोका आणि टांगा. माझ्याकडे कशाला येता?"

एकदा गुडगावहून एक साहेब आले. नवा कोरा बास, पण साठच्या दशकातल्या नमुन्याचा. त्यावर दोन मोठी चकचकीत क्रोमची झाकणं, जुन्या बासला असायची तशी. साहेबांचं म्हणणं, झाकणं राहू द्या आणि रंग थोडा खरवडून द्या, म्हणजे जुना दिसेल. काकांनी बास त्यांच्याच गळ्यात अडकवला आणि म्हणाले, "दस मिनट बजाइए." साहेब वाजवू लागले. उजवा हात जिथे ठेवायचा नेमकं तिथेच झाकण. तिसऱ्या मिनिटाला मनगट झटकायला लागले.

"क्या हुआ?"

"थोड़ा लग रहा है."

"अच्छा. और जो खरोंचें चाहिए आपको, वो चालीस साल बजाने से आती हैं. मैं चालीस साल बेचता नहीं."

पण हाकललं नाही. आठ दिवसांनी साहेब परत आले तेव्हा काकांनी स्क्रू काढून झाकणांखाली जुन्या स्पीकरमधल्या चुंबकाचे तुकडे बसवले होते. झाकण ठेवलं की टप्पकन बसायचं, ओढलं की निघायचं. "फोटो के टाइम लगाइए, बजाने के टाइम जेब में." रंग मात्र खरवडला नाही. साहेब हसत गेले. हा किस्सा सगळे सांगतात, त्यात माझीही ना नाही. ते असेच होते. भांडायचे आणि मग दोन्ही बाजू सांभाळणारी वाट काढून द्यायचे.

झाली मजा. आता त्यांच्या स्वतःच्या बासचं सांगतो.

काका आधी मानेसरला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. पहाटे कंपनीच्या बसने जायचे. तिथे एका प्रेसखाली डाव्या हाताची शेवटची दोन बोटं सापडली. तुटली नाहीत, पण वाकायची थांबली. डाव्या हातानेच तारा दाबायच्या असतात. बास हे तरुणपणापासूनचं एकमेव वेड, आणि हाताला आता दोनच बोटं कामाची. दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. काकांनी हात बदलता येत नाही म्हणून दांडी बदलायला घेतली.

बासची लांब मान असते, जिच्यावर तारा ताणलेल्या असतात, तिला ते दांडी म्हणायचे, सतारीची म्हणतात तशी. काचेच्या तुकड्याने ती मागून घासायची, दोन-तीन रविवार वाजवून बघायची, मग पुन्हा थोडी घासायची. अंगठा टेकतो ती बाजू पातळ, पलीकडची जाड, मध्ये एके ठिकाणी चक्क खड्डा, कारण तिथे ती दोन ताठ बोटं आडवी यायची. "लाकूड काढता येतं रे, लावता येत नाही," म्हणायचे, "म्हणून घाई करायची नाही." चार वर्षं लागली त्या दांडीला. चार वर्षांनी त्या हाताला त्या दांडीवर सगळं वाजवता येऊ लागलं. दुसऱ्या कुठल्याही दांडीवर काहीच नाही. मी त्यांना इतर बास हातात घेताना पाहिलंय. पाच सूर नीट निघायचे नाहीत.

दिसायला ती भयाण होती. पॉलिश सगळं गेलेलं, घामाने आणि तेलाने काळी पडलेली. वरच्या टोकाच्या, तारा पिळायच्या जड किल्ल्या काढून हलक्या, तीन प्रकारच्या किल्ल्या लावलेल्या, का तर दांडी जमिनीकडे झुकू नये. बॉडी मात्र फिकट आकाशी, समोरून जवळजवळ जशीच्या तशी. मूळची क्रोमची झाकणंही ट्रंकेत कागदात गुंडाळून ठेवलेली. ते त्यांचे चार आणे.

महिन्यातल्या पहिल्या रविवारी दिल्लीतली मराठी ख्रिस्ती कुटुंबं एका शाळेच्या हॉलमध्ये उपासनेला जमायची. पेटी, तबला आणि काकांचा बास. मी चार-पाचदा गेलो, मागे बसलो. तिथे ते कुणालाही "अहो" म्हणत नसत. डोळे मिटून वाजवायचे. तबलजीने एकदा मला सांगितलं, "वो हैं ना पीछे, इसलिए हम इधर-उधर नहीं होते." आठवड्यातले बाकी सगळे दिवस ते या दोन तासांसाठी ढकलायचे, हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

आणि एक गोष्ट माहीत होती, जी त्यांनी मला पहिल्याच दिवशी शिकवली होती. दांडीच्या पोटात एक लोखंडी सळई असते. तारांचा ताण दांडीला पुढे ओढतो, सळई मागे ओढते, दोघांच्या भांडणात दांडी सरळ राहते. म्हणून तारा उतरवल्या की आधी सळईचा नट सैल करायचा. नाहीतर सळई एकटीच ओढत राहते आणि दांडी मागे वाकते. जुन्या नमुन्यात हा नट बुडाशी, बॉडीत लपवलेला असतो. दिसायला सुबक, पण फिरवायला दांडीच खोलावी लागते. काकांनी समोरून छिन्नीने खाच पाडून तो उघडा केला होता. ओबडधोबड, पण कामाचा.

सोळा-सतरा वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी त्यांच्या बहिणीचं ऑपरेशन ठरलं आणि ते नगरला गेले. जाताना खोलीची किल्ली मला दिली. "येत जा. कूलर चालव, नाहीतर खोली भट्टी होते. बास इथेच भिंतीवर आहे, वाजव हवा तेवढा. बाकी काही करू नकोस." दोनदा म्हणाले, बाकी काही करू नकोस.

मे महिन्यात आमच्या बँडला गुडगावच्या एका हॉटेलात कार्यक्रम मिळाला. जुन्या जमान्याची थीम, सगळ्यांनी सूट घालायचे. माझा स्वतःचा बास काळा, टोकदार, त्या सुटावर हास्यास्पद दिसणारा. मी काकांचा आकाशी बास तालमीला नेला. आमचा गायक बघून म्हणाला, "यार, बॉडी तो मस्त है. पर ये गर्दन? लगता है आईसीयू से उठा के लाया है."

सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं मला आज जास्त खुपतं.

करोल बागेत नवी दांडी मिळाली. मधाच्या रंगाची, आरशासारखी. चार स्क्रूंचं काम. तारा उतरवून काकांची दांडी काढली, नवी बसवली, ट्रंक उघडून झाकणं लावली, खाचेवर पांढरी पट्टी चिकटवली. बास असा दिसू लागला की मीच बघत बसलो. काकांची दांडी चादरीत गुंडाळली आणि आमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर टाकली. नट सैल केला नाही. विसरलो असं आजवर स्वतःलाही सांगत आलो. विसरलो नव्हतो. नट समोर होता, दोन मिनिटांचं काम होतं, स्क्रूड्रायव्हर हातात होता. म्हटलं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे.

कार्यक्रम झाला. फोटो छान आले. तो बास घेऊन मी ताठ उभा राहिलो, अगदी काका म्हणायचे तसा. वाजवलं सुमार, कारण झाकण मनगटाला लागत होतं. पण फोटोत मनगट कळत नाही. मग त्याच हॉटेलने आणखी दोन कार्यक्रम दिले. चार दिवसांचे सात आठवडे झाले, मे-जूनचे, दिल्लीतले. त्या माळ्यावर हात घातला तर भाजायचा.

काका येणार त्याच्या आदल्या रविवारी मी दांडी खाली काढली. चादर उघडताच दिसलं. मागे वाकली होती, धनुष्यासारखी. नट सैल केला, दोन दिवस वजन ठेवून दाबून ठेवली. काही झालं नाही.

इथवर जे झालं ते हलगर्जीपणात मोडतं. माणसं करतात. पाय धरले असते तर त्यांनी मला जन्मभर "अहो" म्हटलं असतं आणि बस. पुढचं मी केलं ते शांत डोक्याने केलं.

मला कळत होतं की ही दांडी काकांच्या हातात गेली तर एका क्षणात सगळं उघडं पडेल. ओल धरली की तारांच्या ताणाने दांडी पुढे वाकते. मागे वाकलेली म्हणजे कुणीतरी तारा काढल्या आणि सळई तशीच सोडली. हे त्यांनीच शिकवलं होतं. म्हणून मंगळवारी सकाळी कबाडीवाल्याची हाक आली तेव्हा मी ती दांडी रद्दीच्या गठ्ठ्यात घालून खाली नेली. त्याने उलटीसुलटी करून बघितली. "ये क्या है साहब, डंडा?" मी म्हणालो, हाँ.

गुरुवारी काका आले. मी आधीच त्यांच्या खोलीत बास भिंतीवर टांगून ठेवला होता, झाकणं आणि पट्टी काढून, नव्या दांडीसकट. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि भिंतीकडे बघितलं. मीच बोललो. सगळं पाठ करून गेलो होतो.

"काका, दांडी गेली. इथेच होती, तुम्ही सांगितलं तशी. यंदा तुम्ही कूलर त्या खिडकीत हलवलात ना, त्याचा ओला वारा थेट या भिंतीवर येतो. पुढे वाकली आणि मग तडकली. काही उरलं नव्हतं म्हणून टाकून दिली. तुम्हाला रिकामा बास बघायला लागू नये म्हणून नवी बसवून आणली."

ते भिंतीपाशी गेले. तळवा टेकवून उभे राहिले. मग कूलरकडे बघितलं, मग परत भिंतीकडे.

"बरोबर आहे," म्हणाले. "मार्चमध्ये मीच हलवला. माझ्या डोक्यात कसं आलं नाही?"

मी त्यांची पिशवी उचलून कोपऱ्यात ठेवली.

"गाढव मी. दुसऱ्यांना शिकवतो." आणि मग माझ्याकडे वळून, "तू नवी आणलीस? माझ्यासाठी एवढं केलंस? अरे गाढवा."

अरे गाढवा म्हणाले. अहो नाही.

मला त्या क्षणाचा आजही राग येतो, आणि खरं सांगायचं तर त्यांचाही येतो. जगातल्या प्रत्येक माणसावर संशय घेणारा हा माणूस, दुकानदाराने दिलेली तारसुद्धा भिंगातून तपासणारा, आणि माझ्यापुढे मान डोलावतो? एक प्रश्न विचारायचा होता. कुठे तडकली? किती? टाकलीस कुठे? एका प्रश्नात मी कोसळलो असतो. विचारला नाही. माझ्यावर विश्वास होता म्हणून. म्हणजे हा रागही फिरून माझ्यावरच येतो, मला ठाऊक आहे.

नवी दांडी त्यांनी घासायला घेतली. पहिल्या रविवारी उपासनेत वाजवलं, दुसऱ्या गाण्यात बोटं अडकली, तबला पुढे निघून गेला. त्यांनी बास मांडीवर आडवा ठेवला आणि उरलेली गाणी टाळ्या वाजवल्या. सहा-सात महिने घासत होते. पण वय साठीच्या पुढे, डाव्या हाताचं दुखणं वाढलेलं, आणि चार वर्षं घाई न करण्याची ताकद माणसाकडे एकदाच असते. एके दिवशी गेलो तर दांडी काढून ठेवलेली होती, तारा उतरवून, नट सैल करून. "होत नाही रे," म्हणाले, आणि दुसऱ्या कुणाच्या गिटारीला हात घातला. पुढे उपासनेला जात राहिले. मागच्या रांगेत बसायचे. खोलीवर शिकायला येणारी पोरं वाढली, त्यांना स्वतः न वाजवता शिकवायचे.

सोळा वर्षं मी त्या खोलीत जात होतो. दर वेळी ठरवून जायचो, आज सांगायचं. चहा प्यायचो, त्यांच्या शिव्या ऐकायचो, उतरायचो. माझं लग्न झालं, मुलगी झाली, वडील गेले. काका सगळ्याला हजर. न बोलणारा माणूस म्हणून माझी सगळीकडे वाखाणणी होते. सासुरवाडीला तर फारच. मी का बोलत नाही, हे कुणाला कळलं असतं तर वाखाणणी झाली नसती.

जानेवारीत ते गेले. मंडळाने स्मरणसभा ठेवली. चहा-समोसे. एकेक जण उठून नक्कल करत होता. शेवटी त्यांच्याकडे शिकलेला एक जण उभा राहिला, आता चांगला नाव कमावलेला बासवाला. म्हणाला, "काकांचा पहिला धडा सगळ्यांना एकच असायचा. कूलरसमोरची भिंत दाखवायचे आणि म्हणायचे, इथे एका मूर्खाने आपला हात टांगून ठेवला होता आणि घालवला. मूर्खाचं नाव विचाराल तर मीच. तुम्ही असं करू नका." हॉल हसला. तो पुढे म्हणाला, "मी माझ्या विद्यार्थ्यांना हेच सांगतो. बिल्कुल त्यांच्याच शब्दांत."

मी उठून बाहेर आलो. तोवर मला वाटत होतं की माझं खोटं त्या खोलीतच राहिलं, आम्हा दोघांत. ते सोळा वर्षं दर नव्या माणसापुढे उभे राहून माझ्या चुकीसाठी स्वतःला मूर्ख म्हणवून घेत होते, आणि आता ते नसताना दुसरी माणसं त्यांना मूर्ख म्हणत होती, प्रेमाने, हसत हसत. मला तिथेच कुणाचीतरी कॉलर धरावीशी वाटली. धरण्यासारखी एकच होती.

त्या आठवड्यात मी नगरला त्यांच्या बहिणीला फोन लावला. त्यांना मी आत्या म्हणतो. सगळं सांगितलं, माळा, नट, कबाडीवाला. शेवटी मी म्हणालो, "आत्या, मला माफ करा."

"माझं काय नेलंस तू?" म्हणाल्या. "माझी कशाला माफी मागतोस? तो माझ्या ऑपरेशनला आला म्हणून त्याचा बास गेला, असं मी इतकी वर्षं मनाला लावून घेतलंय. तो कधी म्हणाला नाही, पण मी घेतलं. आता तू सांगतोस."

मला हे माहीत नव्हतं. एका खोट्याने दोघांना धरलं होतं.

"कुठेतरी लिहून टाक," म्हणाल्या. "त्याच्या त्या पोरांना वाचू दे. त्याची चूक नव्हती म्हणावं."

"लिहितो."

"आणि एक सांग. ती वाकलेली दांडी तू त्याच्या हातात दिली असतीस, तर त्याला सरळ करता आली असती का?"

मी म्हणालो, "आली असती, आत्या. याहून वाईट वाकलेल्या मी त्यांना सरळ करताना बघितल्यात. वाफ देऊन, दाबून, महिनाभर ठेवून."

"मग तेही लिही," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.